ट्रक नसलेला मंगळवार

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. दारू मी पीत नाही, त्यामुळे त्या निमित्तानंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तर उद्यापासून ओळख दाखवली नाही तरी चालेल. माझं काही म्हणणं नाही.

मी लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजात मास्तर होतो. विषय — रस्ते आणि वाहतूक. आता नावामागं डॉक्टर लागलंय, दारावरच्या पाटीवरही आहे. त्या डॉक्टरकीकडं मी येणार आहे. पण जरा दमानं येऊ द्या — सरळ तिथं जायला गेलो की जीभ अडते.

भूकंपानंतरचं लातूर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं काय सांगू? आधी मदतीचे ट्रक आले. पांघरुणं, भांडी, ताडपत्र्या. मग पुढं कैक वर्षं सिमेंट, सळई, वाळू — पडलेल्या गावांच्या जागी नवी गावं उठत होती आणि त्यांचं सगळं सामान आमच्या गावाच्या छाताडावरून जायचं. आणि नेमकं त्याच वर्षांत क्लासचं पेव फुटलं. लातुरात शिकलं की पोरगं डॉक्टर होतं, असं उभ्या महाराष्ट्राला वाटायला लागलं. एसटीतून रोज लोखंडी पेट्या आणि गाद्या उतरायच्या, त्यांच्यामागं भेदरलेली पोरं. ज्याच्याकडं जिन्याखालची जागा होती त्यानं तीही भाड्यानं दिली. आणि प्रत्येक पोराला एक सायकल.

आता गंमत बघा. क्लासचा रस्ता आणि मोंढ्याचा रस्ता — एकच! मोंढा म्हणजे आमचा धान्याचा बाजार. तूर, हरभरा, सोयाबीन, शेजारी डाळमिलांची रांग. तिथून ट्रक निघणार, भूकंपाचं सिमेंट त्याच रस्त्यानं येणार, ऑटोवाले मधेच ब्रेक मारणार, आणि संध्याकाळी क्लास सुटला की शेकड्यांनी सायकली त्या ट्रकांच्या चाकांमधून वाट काढणार. बघवत नसे.

हा माझा विषय होता. माझा. मी पीएचडीला नाव घातलं होतं. चौकात उभं राहून गाड्या मोजायच्या, चार्टपेपरवर रेघा मारायच्या, कुठल्या वेळी किती ट्रक, किती लुना, किती सायकली — आणि सुट्टीत जाऊन गाइडला दाखवायचं. गाइड चष्मा वर करून म्हणायचे, "आकडे आहेत हो, पण यातून निघतंय काय?" काय निघतंय ते मलाही सांगता यायचं नाही. अशी वर्षं गेली. घरात चार्टपेपरच्या गुंडाळ्यांवर बायको कपडे वाळत घालायला लागली.

मग मडावी आला.

किसन मडावी. किनवटकडचा, जंगलातल्या पाड्यातला, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेला. तिथून हा पोरगा उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेत जाऊन शिकून आला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. अंगात एकच बरा शर्ट, बोलणं हळू. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सर, मी तुमच्याच विषयात काम करून राहिलो. तुम्ही सांभाळून घ्या." मी पाठीवर हात ठेवला. म्हणालो, घरचंच समज.

घरचंच! पोटात काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला होता. मला वाटलं होतं, तो माझ्या ताब्यात येईल. प्राचार्यांनी किल्ली मडावीला दिली. आणि काही आठवड्यांत त्यानं काय केलं? आमचा तो रस्ता त्या पडद्यावर उभा केला. काळ्या पडद्यावर दोन रेघा, आणि मधून सरकणारे चौकोन. मोठा पांढरा म्हणजे ट्रक. पिवळा म्हणजे ऑटो. हिरवे ठिपके म्हणजे सायकली. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, बाहेरच्या देशांतल्या पुस्तकांत गाड्या आपापल्या पट्ट्यातून मुकाट चालतात. मीही तसंच शिकलो होतो, तसंच शिकवत होतो. याच्या पडद्यावरची गाडी पट्टा पाळतच नव्हती. दिसली फट की घुस! ऑटो मधेच थांबायचा, सवारी घ्यायला. सायकल ट्रकच्या डावीकडून आत शिरायची. प्रत्येक चौकोनाला त्यानं त्याचा त्याचा स्वभाव दिला होता. पोरं पडद्यासमोर गर्दी करून हसत होती — "सर, ह्यो पिवळा तर आमच्या गल्लीतला ऑटोवाला हाय!"

मी मागं उभा होतो. तळपायाची आग मस्तकात गेली. तो स्वभाव मी रोज डोळ्यांनी बघत होतो — वर्षानुवर्षं, त्याच चौकात! मला का नाही सुचलं? आश्रमशाळेतल्या पोराला सुचलं आणि मला नाही? हो, असंच आलं मनात, याच शब्दांत. आता सांगताना ते शब्द चांगले वाटत नाहीत. तेव्हाही वाटत नव्हते.

त्यानंतर मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचं हळू बोलणं खुपायचं. पोरं माझ्या तासाला जांभया द्यायची आणि त्याच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. तो जेवायला घरी आला तर बायको म्हणाली, "किती साधा आहे हो, ताट उचलून मोरीत ठेवलं त्यानं." मी म्हणालो, वसतिगृहाची सवय. ते चेष्टेत म्हणालो असं मी तिला भासवलं.

असा मत्सर तुम्हाला कधी झालाय? म्हणजे — माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारा? मडावीत मला एक खोट सापडत नव्हती. हाच त्याचा मोठा अपराध.

त्या सुमारास गावातल्या वाहतुकीसाठी एक समिती नेमली होती. प्रश्न साधा होता. क्लास सुटायच्या वेळेला मोंढ्याचे आणि सिमेंटचे ट्रक या रस्त्यावर बंद करायचे आणि बाहेरून वळवायचे, की नाही? पालक म्हणत होते, करा. आडते आणि डाळमिलवाले म्हणत होते, बाहेरचा रस्ता लांबचा आहे, खड्ड्यांचा आहे, धंदा बसेल. समितीनं कॉलेजकडं सल्ला मागितला. पूर्वी असा कागद आला असता तर माझ्या टेबलावर आला असता. तो मडावीच्या टेबलावर गेला. मला 'स्थानिक सहकारी' म्हणून घेतलं. स्थानिक! म्हणजे चहा कुठं चांगला मिळतो ते सांगणारा.

मडावीला खात्री होती की ट्रक बंद केलेच पाहिजेत. पण खात्री म्हणजे पुरावा नाही, असं तो म्हणायचा. एक दिवस सगळ्या नाक्यांवर पोरं उभी करायची, उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत गाड्या मोजायच्या, ते आकडे कॉम्प्युटरला द्यायचे आणि तो काय सांगतो ते बघायचं. पोरं एकाच दिवसापुरती मोकळी मिळणार होती. म्हणून तो दिवस नेहमीसारखा हवा — सण नको, जत्रा नको, बाजार बंद नको.

आणि तो माझ्याकडं आला. कॅलेंडर घेऊन. "सर, मी इथं नवा. कोणते दिवस टाळू?"

मी त्याला नीट सांगितलं. रविवार टाळ. आठवडी बाजार टाळ. आणि येळवस टाळ — आमच्याकडं वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यानं कधी ऐकलं नव्हतं. किनवटकडं तशी चाल नाही. तो एकदम खूश झाला, "हे मला कोणी सांगितलं नसतं सर!" म्हणाला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या घटकेला मी चांगला माणूस होतो.

मग त्यानं एका मंगळवारवर बोट ठेवलं. "हा चालेल?"

मी बघितलं. त्या चौकोनात काळा ठिपका होता. अमावास्या. येळवस नव्हे, साधी, महिन्याची.

आता तुम्ही लातूरचे नसाल तर सांगतो. साध्या अमावास्येला आमच्याकडं कुणाचं काही अडत नाही. शाळा चालू, कचेऱ्या चालू, क्लास चालू, सायकली जोरात. फक्त मोंढा बंद. त्या दिवशी सौदा होत नाही, हमाल पाठीवर पोतं घेत नाहीत, भरलेला ट्रकसुद्धा गाव सोडत नाही. ड्रायव्हर मंडळी गाडी धुतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची बदलतात आणि सावलीत ताणून देतात. बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं कारण नाही.

आणि मला विसर पडला असं तर म्हणताच येत नाही. माझे वडील मोंढ्यात मुनीम होते. एरवी ते मला उजेडात दिसायचेच नाहीत — आम्ही उठायच्या आत बाहेर, आम्ही पेंगल्यावर घरी. अमावास्या हा आमच्या घरचा सण होता. दादा, म्हणजे वडील, दिवसभर घरी! ते मला मांडीवर घेऊन पाढे म्हणून घ्यायचे. मी लहानपणी तिथ्या मोजायचो त्या एवढ्यासाठी. मला अमावास्या कळत नव्हती असं कुणी म्हणालं, तर माझी आई वरून खाली येऊन मुस्काटात मारेल.

मडावी वाट बघत होता. बोट अजून त्या मंगळवारवर.

मी म्हणालो, "चालेल की. साधा दिवस आहे."

बस्स. एवढंच. एवढ्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ फिरवलं.

का? — मला त्याचं वाटोळं करायचं नव्हतं. म्हणजे, तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं. मला एवढंच हवं होतं की समितीच्या बैठकीत त्यानं आकडे मांडावेत, आणि कुणीतरी आडत्या खुर्चीतून उठून खो-खो हसावा — अहो साहेब, अमावास्येला ट्रक मोजता होय! सगळ्यांनी हसावं. त्याचं नाक कापलं जावं. आणि प्राचार्यांच्या लक्षात यावं की कॉम्प्युटरपेक्षा गावचं माणूस बरं. एवढीच माझी मजल होती. क्षुद्र माणसाचं पापसुद्धा क्षुद्रच असतं, असं मला वाटायचं.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. मोजणीला कुठली पोरं कुठं लावायची ते मडावीनं माझ्यावर सोपवलं होतं. मोंढ्याच्या तोंडाला मी मुद्दाम बाहेरच्या जिल्ह्यांतली, वसतिगृहातली पोरं लावली. गावातलं एखादं पोरगं "सर, आज मोंढा बंद हाय" म्हणालं असतं तर? म्हणजे मी विचार केला होता. बारीक विचार केला होता. जीभ घसरली वगैरे काही नाही.

त्या मंगळवारी मी दिवसभर तिथंच उभा होतो. गेट बंद, पण ते आत वळणावर, रस्त्यावरून दिसायचं नाही. आत ट्रकांची रांग, बॉनेटवर हळदकुंकू. कुणी स्टोव्हवर भात टाकलेला, वास येत होता. दुपारी मडावी स्कूटरवर मागं बसून चक्कर मारायला आला, घामाघूम. पोरांचे कागद बघून म्हणाला, "ट्रक कमीच वाटतात ना सर?" मी म्हणालो, "आपल्याला जास्त वाटतात, कारण ते मोठे असतात. मोजले की कळतं." काय विद्वान बोललो! तो मान हलवत म्हणाला, "हाव, म्हणूनच तर मोजायचं असतं." आणि गेला. त्याला हाक मारायला किती वेळ लागला असता? तो कोपऱ्यावर पंक्चरवाल्याशी बोलत उभा होता की!

कॉम्प्युटरनं जे सांगायचं ते सांगितलं. ट्रक थोडे, त्यांचा अडथळा थोडा, कोंडी होते ती ऑटो आणि दुचाकींनी. ट्रक बंद करून फरक पडत नाही, ऑटोंना थांबायला जागा द्या, चौक मोठा करा. मडावीनं दोन दिवस तेच आकडे परत परत देऊन बघितले. त्याच्या मनात होतं त्याच्या अगदी उलट आलं होतं. मी त्याला म्हणालो, तुला पटत नसेल तर थोडं इकडंतिकडं कर. खडा टाकून बघितला म्हणा. तो माझ्याकडं असा बघायला लागला की मीच खाली बघितलं. "नाही सर. मला काय वाटतं याला किंमत नाही. आकडे जे बोलतात तेच सांगायचं."

बैठकीत त्यानं तसंच सांगितलं. मी कोपऱ्यात बसून कुणी हसायची वाट बघत होतो. कुणी हसलं नाही. अहो, कशाला हसतील? त्यांच्या मनासारखं झालं होतं! आडत्यांनी टाळ्या वाजवल्या. मडावीला हार घातला, शाल दिली. प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि मी — माझ्या खोट्यावर उभा असलेला त्याचा सत्कार बघत होतो. जळून खाक होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

बाहेर चपला घालताना नागाप्पा शेठ जवळ आले. जुने आडते. माझे वडील त्यांच्याच दुकानात मुनीम होते. कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, पोरगं लई गुणाचं हाय. आन् दिवस बी बेस धरला बघा." माझा खांदा दाबला, हसले आणि गेले. त्यांना वाटलं, मी ते मोंढ्यासाठी केलं. मिठाला जागलो, असं वाटलं असेल. मी त्यांचा समज दूर केला नाही.

ट्रक चालू राहिले.

मीना निलंग्याची होती. बाप तिथं शाळेत शिपाई. बारावी, क्लास, डॉक्टर व्हायचंय — बाकीच्यांसारखीच. क्लास सुटला, गर्दीत तिची सायकल सोयाबीनच्या ट्रकच्या डावीकडून आत शिरली, ट्रक वळला. मागचं चाक. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मडावीनं मला सोबत चला म्हणून विनवलं. दवाखान्यात मी दाराशी मोसंब्यांची पिशवी धरून उभा राहिलो, तो आत गेला. पोरीची आई खाली फरशीवर बसली होती. तिनं विचारलं, "बापू, तुमी कोन?" तो म्हणाला, "मी त्या रस्त्याचं गणित केलं होतं." तिला काय कळणार? तिनं पदरानं जागा पुसली आणि म्हणाली, "बसा की, उभं का ऱ्हायलाव?" तो बसला. मी मोसंबी खिडकीत ठेवली.

आणि आता ऐका, कारण हे मंगळवारपेक्षा वाईट आहे. तिथून परत येताना त्याचा पडलेला चेहरा बघून — एक क्षण, फक्त एक — मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळेल. पोरीचा पाय गेला होता आणि मला बरं वाटलं. मग ओकारी आली, ती गोष्ट वेगळी. आधी बरं वाटलं.

पुढं मडावी चूक शोधायला लागला. आकड्यांवर त्यानं एकदाही शंका घेतली नाही. "पोरांनी डोळ्यांनी बघून टिपलेत सर, ते कसे चुकतील? चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये आहे." ओळन् ओळ तपासायचा. पडद्यावर ते चौकोन परत परत पळवायचा. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो, चहा मागवायचो, "ही ओळ बघ, इथं असेल" म्हणायचो. मी! त्याचा हात धरून मी त्याला चुकीच्या खोलीत फिरवत होतो. लोक म्हणायचे, मडावीला या दिवसांत सरांचाच काय तो आधार. तोही तेच म्हणायचा.

चूक सापडली नाही. नसलेली कशी सापडेल? ट्रकांवर आता बंदी आली होतीच, पायाच्या बदल्यात. मडावीनं राजीनामा दिला, किनवटकडं गेला, आश्रमशाळेत गणित शिकवायला लागला. प्राचार्यांनी हातापाया पडून बघितलं. तो म्हणाला, ज्या माणसाला स्वतःची चूक सापडत नाही त्यानं रस्त्याला हात लावू नये. जाताना प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या माझ्या हातात ठेवल्या. "तुम्ही ठेवा सर. यात कुठंतरी चूक आहे. सापडली तर मला नक्की सांगा."

किल्ली माझ्याकडं आली.

मी काय केलं असेल? ओळखलंत ना? साध्या बुधवारी मोजणी केली, मोंढा चालू असताना — बंदीमुळं बाहेरून जाणारे ट्रकही मोजून या रस्त्यावर धरले. आकडे त्याच प्रोग्रॅमला दिले. एक अक्षर न बदलता. पडद्यावर पांढरे चौकोन दाटले, हिरवे ठिपके त्यांच्या डावीकडं अडकले, क्लास सुटायच्या वेळेला सगळं ठप्प. ट्रक बंद केले की मोकळं. इतकं स्वच्छ, इतकं बरोबर! मडावीनं केलेलं काम किती सुंदर होतं ते जगात मला एकट्याला माहीत आहे. मी त्या पडद्यासमोर बसून रडलो — कौतुकानं नाही. अजूनही मत्सरानंच.

त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात मी लिहिलं की मूळ प्रोग्रॅममधल्या त्रुटी दूर करून तो वापरला आहे. त्रुटी! सत्कार झाला. बायकोनं पेढे वाटले. किनवटहून मडावीचं पत्र आलं, अभिनंदनाचं, दोन पानी. मी पहिलं पान वाचलं आणि बंद केलं.

दर दिवाळीला त्याचा फोन येतो. तब्येत विचारतो, बायकोची चौकशी करतो. त्याच्या शाळेतली पोरं आता इंजिनिअर झालीत, त्यांची नावं सांगतो. मी हूं हूं करतो. इतक्या वर्षांत त्यानं त्या कामाचा विषय काढला नव्हता, आणि मी देवाला हात जोडून होतो.

गेल्या महिन्यात फोन आला. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. आवाज बारीक झाला होता. म्हणाला, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. म्हणाला, छातीचं काहीतरी निघालंय, डॉक्टर चकरा मारायला लावतात. आणि मग — "सर, एक विचारू? इतकी वर्षं हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्या प्रोग्रॅममधली चूक काढली होती ना. ती कोणती होती?"

समोर कुणी नव्हतं. बायको देवळात गेलेली. नागाप्पा शेठ जाऊन वर्षं झाली. प्राचार्य गेले, गाइड गेले. नोकरी संपली, पेन्शन चालू आहे, ती कुणी काढून घेणार नाही. खरं सांगायला आता मला कशाचीही भीती नव्हती. हे मी नीट तपासून सांगतोय — कशाचीही नाही.

मी म्हणालो, "ट्रकला वळायला किती जागा लागते, ती तू कमी धरली होतीस."

पलीकडं कागद वाजला, त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "वळताना... हाव. मीनाचं तसंच झालं होतं. वळतानाच." आणि पुढं म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळंच गेला सर तिचा पाय. मला वाटायचंच. पण पक्कं माहीत नव्हतं. बरं झालं, तुम्ही सांगितलं."

मी म्हणालो, औषधं वेळेवर घेत जा. आणि फोन ठेवला.